सव्वातीन तास

"तिनं खरं लिहिलं म्हणून तिलाच काढणार? आणि ते नाव तू देणार?" सुधीरनं पेपर बाजूला टाकला. "सुलभा, माझी सख्खी बहीण आहे ती."

"मी नाव दिलं नाही. वहीत होतं."

"वही कुणाची?"

सुलभानं कुकर गॅसवर चढवला. त्याची ती बहीण, प्रणिता, खाली बसून अंबाडीची पानं खुडत होती. नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर ती चिक्कडपल्लीला भावाकडंच राहायला आली, आणि वहिनीच्या हॉस्पिटलात बिलिंगला लागली, त्याला सहा वर्षं झाली.

सुलभा त्या हॉस्पिटलात डिस्चार्ज विभागाची मॅनेजर. बरा झालेला पेशंट कागदांसाठी सहा-सहा तास कॉटवर बसून राही आणि नातेवाइकांच्या शिव्या हिला खाव्या लागत. गेल्या वर्षी मॅनेजरांच्या शिबिरात तिला कृती-संशोधन शिकवलं. काम करणाऱ्यांनीच आपल्या कामाचा अभ्यास करायचा, एक गोष्ट बदलायची, काय झालं ते लिहायचं, पुन्हा बदलायचं. वरून येणाऱ्या सर्क्युलरांपेक्षा तिला हे बरं वाटलं.

दर बुधवारी जेवणानंतर विभागातले आठ जण बसू लागले. आपल्याकडून वेळ कुठं जातो ते ज्यानं त्यानं नावानिशी वहीत लिहायचं. पहिल्या बुधवारी कुणी पेन उचलेना. घरी आल्यावर सुलभा प्रणिताला म्हणाली, "पुढच्या वेळी तू आधी लिही. मॅडमची नणंद लिहितेय म्हटलं की बाकीचे लिहितील."

प्रणितानं लिहिलं, बिलं साठवून ठेवते, दहा झाली की एकदम पाठवते. मग आया अनंतम्मानं शेजारच्या मुलीकडून लिहून घेतलं, गुडघे धरतात, फाइल नेताना जिन्यात बसते. मग सगळ्यांनीच लिहिलं.

बिलं एकेक जाऊ लागली, अनंतम्माला लिफ्ट वापरायची परवानगी मिळाली. सात महिन्यांत सहा तासांचे सव्वातीन झाले. सुलभानं वर अहवाल पाठवला आणि सोबत मूळ वही जोडली. पुरावा जोडा, असं शिबिरात सांगितलं होतं. नावं झाकावीत हे तिच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

शुक्रवारी वरून उत्तर आलं. वेळ निम्म्यावर आलाय तर माणसं आठ कशाला? सहा पुरेत. ज्यांच्यामुळं सगळ्यांत जास्त उशीर होत होता त्या दोघी वहीत सापडल्याच होत्या, प्रणिता आणि अनंतम्मा. सोमवारी मॅनेजरची सही हवी होती.

"तिच्याऐवजी दुसरं नाव दे," सुधीर म्हणाला. "तुमच्या आठांतला तो फार्मसीचं बघणारा हर्षद आहे ना."

"त्यानं हिचं बघून लिहिलं."

"मग?"

"मग काय. हिला वाचवलं तर बाकीचे काय समजतील?"

"लाइट लो मम्मी, एवढं टेन्शन नको घेऊ," चिन्मय मोबाइलमधून मान न काढता म्हणाला. "आत्याला दुसरा जॉब मिळेल."

"पंचेचाळिसाव्या वर्षी? तूच शोधून दे बाबा," प्रणिता म्हणाली. मग सुलभाकडं न बघता तिनं विचारलं, "वहिनी, तुम्ही सहीच केली नाही तर?"

"माझ्या जागी दुसरा कुणी करेल. आणि मीही घरी बसेन."

"म्हणजे तुझी नोकरी राहावी म्हणून," सुधीर म्हणाला.

"तेही आहे."

प्रणितानं देठं गोळा करून कागदात बांधली. सुलभानं कुकरखालचा गॅस बंद केला आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"उद्या मी सही करणार आहे. नावं आहेत तीच राहतील."