फाटकाशी दिलेला आवाज

कॅमेरे लावायच्या धंद्यात मी ज्यांच्या हाताखाली शिकलो, त्या उस्तादांनी पहिल्या दिवशी ड्रिल मशीनला हातही लावू दिला नाही. कोणाच्याही घरी गेलं की फाटकाशी थांबायचं, मोठ्यानं "आहे का घरात?" म्हणायचं आणि आतून "या" आलं की मगच पायरी चढायची, एवढंच शिकवलं. घरातल्या बाईला पदर सावरायला वेळ मिळाला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. यवतमाळातल्या कितीतरी घरांत मी शिडी घेऊन गेलो, पण हा नियम कधी मोडला नाही. निदान मला तरी तसं वाटत होतं.

कॅमेरा लावून झाला की अ‍ॅप नंबर मागतं, पासवर्ड मागतं. इथं आमचं गाडं अडतं. घरातला कर्ता माणूस हात झटकतो आणि म्हणतो, "तुमचाच नंबर टाका ना भाऊ, आमच्यानं कुठं लक्षात राह्यते." शेजाऱ्याला फाटकाची किल्ली न देणारा माणूस हे अगदी सहज म्हणतो. मग मीही माझा दुसरा, फारसा वापरात नसलेला नंबर टाकायचो आणि पासवर्ड माझ्या डायरीत लिहून ठेवायचो. शिवाय दुरुस्ती सोपी जावी म्हणून प्रत्येक घराचा कॅमेरा माझ्याही मोबाइलमध्ये जोडलेला असायचा. लॉगिन अडलं की गिऱ्हाईक फोन करायचं, मी आलेला ओटीपी वाचून दाखवायचो. सगळे खूश होते आणि मीही स्वतःला फार उपयोगी समजत होतो.

त्यातलंच एक घर एका नर्सबाईंचं. त्यांची नोकरी झरी जामणीकडच्या आरोग्य उपकेंद्रात, त्यामुळे आठवडाभर मुक्काम तिकडेच. म्हातारी आई इथं घरी. जेवण आणि रात्रीची सोबत शेजारच्या काकूंची. आईला विसर पडत चालला होता. दुपारी कडी काढून ती एकटीच रस्त्यावर निघायची. एकदा तर एसटी स्टँडच्या रस्त्यावर सापडली होती. तेव्हापासून बाईंनी पुढच्या खोलीत कॅमेरा बसवला. आई दाराकडे सरकताना दिसली की त्या तिकडून काकूंना फोन करत.

एका बुधवारी दुपारी त्यांचा फोन आला.

"भाऊ, नवा मोबाइल घेतला, आता लॉगिनच होऊन नाही राह्यलं. ओटीपी सांगा ना."

मी तो दुसरा नंबर पाहिला तर सिमच बंद. कित्येक महिने रिचार्ज न केल्यानं कंपनीनं नंबर कायमचाच बंद केला होता. ओटीपी यायला जागाच नव्हती.

"मंग मले माय कशी दिसन?" त्यांचा आवाज चढला.

"घाबरू नका ताई, मले दिसून राह्यली," मी माझ्या मोबाइलवर त्यांची खोली उघडत म्हणालो. "दाराजवळ उभ्या आहेत. आज खुर्चीवर नाही बसल्या, नाहीतर यावेळी सुपारी कातरत असतात."

बाईंनी मला मधेच तोडलं.

"यावेळी काय करत असतात, हे तुम्हाले कसं माहीत?"

सर्व्हिससाठी अधूनमधून बघावं लागतं, हे उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. पण तेवढ्यात पडद्यावर आजींनी कडी काढली, डोक्यावर पदर घेतला आणि त्या बाहेर पडल्या. मी ते सांगताच बाईंनी फोन ठेवून काकूंना लावला. काकूंनी उचलला नाही. माझं दुकान दोन गल्ल्या सोडून होतं. मी गाडी काढली. चौकातल्या ऑटोस्टँडवर आजी एका ऑटोवाल्याला थांबवून उभ्या होत्या, हातात रिकामा डबा.

"पोरीची शाळा सुटली असन," त्या मला म्हणाल्या. "उपाशी असन ते."

मी त्यांना हाताला धरून घरी आणलं. काकू पिठाच्या गिरणीतून परतल्यावर त्यांच्या हवाली केलं.

कॅमेरा त्यांच्या मोबाइलवर नव्यानं जोडायचा तर बाईंनी तो घेऊन घरी यायला हवं होतं आणि सुटी शनिवारी. तोपर्यंत त्यांची आई फक्त मलाच दिसत होती. त्या तासातासाला फोन करत आणि कोरड्या आवाजात विचारत, "काय करून राह्यली माय?" मी सांगत असे. जेवल्या. झोपल्या. खुर्चीवर आहेत. बुधवारच्या प्रश्नाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. त्याचं उत्तर मात्र माझ्याजवळ होतं. दुकानात काम नसलं की दुपारी मी ती खोली उघडून बसायचो. अडकित्ता चालवणारी ती म्हातारी बघून बरं वाटायचं. वाईट काही मनात नव्हतं, पण विचारलं कुणालाच नव्हतं. मला लाज वाटत होती.

शनिवारी फाटकाशी उभा राहून मी आवाज दिला. "या," आतून बाई म्हणाल्या. मी माझ्या मोबाइलमधून कॅमेरा काढून टाकला आणि तसं त्यांना दाखवलं. मग त्यांच्या नंबरवर नवं खातं उघडलं. ओटीपी त्यांच्याकडे आला, तो त्यांनी मला सांगितला नाही. पासवर्ड टाकताना त्या माझ्याकडे पाठ फिरवून बसल्या. मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहत राहिलो. आजी खुर्चीवर सुपारी कातरत होत्या. एक खांड त्यांनी माझ्या हातावर ठेवलं.

चहा झाला. बाई मला सोडायला फाटकापर्यंत आल्या.

"त्या दिवशी तुम्ही नसते तर माय सापडली नसती. ते मी जन्मभर नाही विसरणार," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "पण भाऊ, तुम्ही आज फाटकातून आवाज दिला. तसा रोज काहून नाही दिला?"

सुपारीचं खांड अजून मुठीतच होतं. दुकानात येऊन मोबाइल उघडला आणि त्यात अजून जोडलेल्या बाकीच्या घरांना एकेक करून फोन लावायला बसलो.