पाटावरचा कॅमेरा

नायगावहून फोन आला तेव्हा मी लातूरला शाळेत शिकवत होते. लग्नाचं शूटिंग करता करता दादा बसल्या जागी गेला... बसल्या जागी म्हणजे त्याच्या पाटावर. बावीस वर्षं त्यानं लग्नं शूट केली, पण खाली बसलेल्या माणसावर उभ्यानं कॅमेरा कधी धरला नाही. पाट टाकायचा, कॅमेरा समोरच्याच्या डोळ्यांच्या उंचीला आणायचा. वऱ्हाडी हसायचे, "शूटिंगवाला पंगतीला बसला का काय?" हा आपला ढिम्म.

हे खूळ किल्लारीतलं. भूकंपात बाबा गेले, आम्ही लहान होतो. ढिगाऱ्यापाशी बसलेल्या आईचा कुणीतरी उभ्यानंच फोटो काढला, तो पेपरात आला. आई बघून एवढंच म्हणाली, "मी मान वर करून ह्याच्याकडं बघत व्हते. ह्यो माझ्यापुढं बसला बी न्हाई." फोटोत आई मूठभर दिसत होती. आमची आई, जिनं त्याच दिवशी आम्हा दोघांना स्वतःच्या हातांनी उकरून काढलं होतं. त्या फोटोचा मला आजही राग येतो.

पुढं दादानं आईवर छोटा सिनेमा केला. नांदेडच्या एका स्पर्धेत पहिली फेरी पार झाली, तर एक परीक्षक म्हणाले, बाईंचे सीन वरून घ्या, विधवेचं एकटेपण अंगावर येईल, बक्षीस पक्कं समजा. दादाला ते बक्षीस लई हवं होतं, खोटं कशाला बोलू. लग्नाच्या शूटिंगवाल्याला पहिल्यांदाच कुणी दिग्दर्शक म्हणत होतं. मी म्हटलं, "मग खालून घे की, आई मोठी दिसेल."

"वरून घेतली की बिचारी, खालून घेतली की देवी. ह्यात आपली आई कुठाय, सुमे?"

सीन बदलला नाही. बक्षीस गेलं. बरं झालं गेलं, हे मला तेव्हा म्हणता आलं नाही... आज म्हणते.

तेरवीनंतर, लग्नातच गेलेल्या शूटिंगवाल्याची बातमी करायला एका वाहिनीची माणसं किल्लारीच्या घरी आली. आई दादाच्या फोटोखाली भिंतीला टेकून बसलेली. कॅमेरावाला तिच्यासमोर उभा राहिला, वरून कॅमेरा धरला आणि म्हणाला, "आजी, जरा फोटोकडं बघून रडता का?" माझं डोकंच सणकलं. मी काही बोलणार, तोच आईनं दादाच्या सामानासोबत आलेला पाट त्याच्याकडं सरकवला.

"बस बाबा. माझ्या पोराचा हाय. तू बसल्याबिगर म्या बोलायची न्हाई."

तो अवघडत बसला. कॅमेरा खाली आला. आईनं पदर सावरला, सरळ त्यात बघितलं आणि म्हणाली, "हां. आता इचार."