खाकी कव्हरातले चार नायक

कॉलेज रोडच्या फुटपाथवर जुनी इंग्रजी पुस्तकं विकणारे काका मला 'ताई' म्हणतात. डार्क रोमान्सची, म्हणजे गुंड नायकांच्या चावट प्रेमकथेची कादंबरी सुचवताना त्यांचा आवाज खाली जातो. "ह्यात नायक तीन, बरं का. ह्यात चार, आणि चौघंही वाईट. मधला भाग दिवसाउजेडी वाचा." मग ते शाळेच्या पुस्तकासारखं खाकी कव्हर घालून देतात.

परवा माझे वडील, नाना, गावाहून, वणीहून टोमॅटो घेऊन मार्केटला आले, आणि मला भेटायला थेट तिथंच. माझ्या हातात चार नायकांची कादंबरी होती. आमच्या घरातून कॉलेजला आलेली मी पहिलीच. असलं पुस्तक कळलं, तर नाना मला त्याच दिवशी घरी नेतील, हे मला ठाऊक होतं.

त्यांनी पुस्तक घेऊन काकांपुढे धरलं. "मला विंग्रजी येत नाय. पहिलं पान वाचून दावा."

काकांनी पान उघडलं. "एका पोरीच्या मागे चार गुंड लागलेत, बरं का."

"मंग?"

"पोरगी पळत नाही."

नाना माझ्याकडे वळले. "वाच. शहरात गुंडांपुढं कसं उभं राहायचं, हे माहीत पायजे."

ते गेल्यावर मी आभार मानायला वळले. काकांनी पुस्तक घाईनं मिटून माझ्या हातात कोंबलं.

"आभार नका मानू, ताई," ते म्हणाले. "खोटं मला जमत नाही. त्यांनी मधलं पान काढलं असतं, तर तेही मी वाचून दाखवलं असतं."