गळलेली पिसं

गेल्या रविवारी सकाळी साडेनऊला, मुलुंडच्या आमच्या घरात, हिरव्या लव्हबर्डच्या पायाचं एक बोट तुटलं. तिच्याच पिंजऱ्यातल्या पिवळीने ते चावून तोडलं. दुकानदाराने दोघींना नर-मादीची जोडी म्हणून विकलं होतं. त्याच्यावर मी चिडलेलीच आहे, पण हिरवीची गुन्हेगार मीसुद्धा आहे.

त्यांची भांडणं आधीपासूनच चालली होती. पक्ष्यांच्या डॉक्टर म्हणाल्या, “दोन्ही माद्या असतील, दोन माद्या एका पिंजऱ्यात एकमेकींना जखमी करतात. नुसतं बघून कळत नाही. छातीवरची चार-चार पिसं उपटून डीएनए चाचणीला पाठवा.”

उपटून? प्राण्यांच्या छळाविरुद्ध स्टेशनबाहेर पत्रकं वाटणारी मी? मी पिंजऱ्यात गळून पडलेली पिसं गोळा केली आणि तीच पाठवली.

मग आठवडाभर सारखी फोन बघत बसले. आई म्हणायची, “नवरा-बायकोत भांडणं होतातच गं. लगेच काय संसार मोडतेस त्यांचा?” मीही पिंजरे वेगळे केले नाहीत. शनिवारी उत्तर आलं, गळलेल्या पिसांच्या मुळाशी पेशी उरलेल्या नाहीत, चाचणी होणार नाही. दुसऱ्या दिवशी बोट गेलं.

त्याच दुपारी मी दोघींना वेगळं केलं आणि पिसं उपटून पाठवली. हिरवी एकदाच ओरडली. काल निकाल आला, दोन्ही माद्या. जखम अजून ओली आहे आणि पाय वाचेल का, हे डॉक्टर सांगत नाहीत.

तुमच्या घरातली जोडी भांडत असेल तर माझ्यासारखी दया दाखवू नका. आत्ता उठा, पिंजरे वेगळे करा आणि पिसं उपटून पाठवा.