कपाटातली भावकी

सवराज्य येऊन सात-आठ वर्सं झाली व्हती. पिंपरीच्या माळावर नवी औषधाची कंपनी आली. तिथल्या तपासणीच्या खोलीत मी आन् माझी थोरली जाऊ बाटल्या धुवायला.

मला अक्षर येत न्हवतं. पन तिथल्या साहेबांचं खणाखणाचं लाकडी कपाट रोज मीच पुसायची, म्हनून त्यांनी येकदा समजावलं. "बाई, एकेका बाटलीत एकेक मूलद्रव्य. बाटलीचा खण बदलू नका. उभ्या रांगेत एक भावकी, स्वभाव सारखा. आडव्या रांगेत शेजारी, ज्याची त्याची तऱ्हा निराळी." काई खण रिकामेच. ते बी दुसऱ्याला द्यायचे न्हाईत.

पयल्या उभ्या रांगेतले धातू घासलेटात बुडवलेले. साहेबांनी त्यातल्या येकाचा ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा पाण्यात टाकला. तो सुर्र करीत पाण्यावर पळत सुटला. "ह्याच्या खालचा ह्याच्याहून तापट," म्हनाले. "या रांगेत खाली जावं तसा ताप वाढतो."

येके दिवशी साहेब जेवायला गेलेले. मी बाटल्या घेऊन आत आले, तर त्या पळणाऱ्या धातूच्या खालचा खण मोकळा. जाऊ ओट्यापाशी. त्या खणातल्या बाटलीतलं घासलेट तिनं आपल्या डब्यात वतलं व्हतं, आन् बाटली भरायला तांब्यात पाणी घेतलेलं.

"जाऊबाई, थांबा!"

"वरडू नगंस. घरात दिव्याला थेंब न्हाई. त्या ढेकळाला काय कळतंय, घासलेट हाय का पाणी?"

"वरच्यानं पाण्यात काय केलं ते मी पायलंय. ह्यो त्याच्या खालचा."

"खालचा म्हंजी धाकटा. धाकट्यानं गप बसायचं."

तांब्या कलला. मी तिचं मनगट धरलं. ती सोडंना, मी बी सोडंना. पाणी ओट्यावर सांडलं. घासलेट वतताना बाटलीतला तिळाएवढा कण तिथं पडला व्हता. फटदिशी जांभळा जाळ उठला. तिच्या पदराची कड पेटली. डबा वीतभर लांब.

मी डबा मागं वढला, पदर मुठीत चुरगाळून इझवला, ओट्यावर आगीसाठी ठिवलेल्या बादलीतली वाळू टाकली. बाटली आजून तिच्या हातात, तोंडाजवळ. ती बाटलीकडं बघत ऱ्हायली.

"द्या हिकडं," मी म्हनलं. डब्यातलं घासलेट माघारी बाटलीत वतलं, बाटली खालच्या खणात ठिवली.

सांजंला घरात दिवा न्हवता. माझ्या तळव्याला फोड आलेले. जावंनं चाचपडत त्याला खोबरेल लावलं आन् पयली भाकरी मला वाढली.

"ह्या खालच्या लई तापट," म्हनाली. "खा आता."