अननसाच्या नक्षीची शाल

मूलहून बल्लारपूरला जाणाऱ्या सकाळच्या पॅसेंजरमध्ये मी पिशवीतून क्रोशाची सुई काढली, तेव्हा समोरच्या बाकावरचा पत्त्यांचा डाव जागीच थांबला. आमचा डबा ठरलेला आणि डब्यातली माणसंही ठरलेली. कोणी कोळसा खाणीत, कोणी कागद कारखान्यात, मी एका वर्कशॉपमध्ये फिटर. इतक्या वर्षांत एकमेकांच्या डब्यातली भाजीसुद्धा आम्ही वासावरून ओळखतो. त्यामुळे गप्प बसणं कोणालाच शक्य नव्हतं.

"का भाऊ, आता वयनी मच्छी माराले जाते का तळ्यावर?" एकाने विचारलं. आमचं घर मासेमारीचं, हे डब्यात सगळ्यांना ठाऊक.

"जाते नं. तुह्यापेक्षा बरी मारते," मी म्हणालो आणि मान खाली घालून साखळ्या मोजू लागलो. कान तापले होते, हे कबूल करतो. पण मोजणी चुकली असती तर घरी जो उद्धार झाला असता, त्यापुढे डब्यातलं हसणं काहीच नव्हतं.

शाल बायकोची. म्हणजे विणत होती बायको आणि विणायची होती तिच्या आईसाठी. सासूबाईंना काचबिंदू झाला होता. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं की गेलेली नजर काही परत येत नाही, उरलेली किती टिकेल तेही सांगता येत नाही, थेंब मात्र चुकवू नका. दवाखान्याबाहेर चहा घेताना बायकोने कप अर्धाच ठेवला आणि म्हणाली, "मायले दिसते तवर तिची शाल तिले दाखवाची."

तिची शाल, हे शब्द मला कळले. सासूबाईंच्या घरात एक जुना फोटो आहे. नवं लग्न झालेले सासू-सासरे चंद्रपूरच्या स्टुडिओत उभे आहेत, दोघंही कोणीतरी दम दिल्यासारखे ताठ, आणि सासूबाईंच्या खांद्यावर जाळीदार शाल. ती त्यांनी लग्नाआधी सावली गावच्या शाळेत शिवणाच्या बाईंकडे शिकून विणली होती, दोन हिवाळे लागले होते. नक्षी अननसाची. आमच्याकडे शेतात धान पिकतं, अननस फक्त असल्या शालींवर आणि टीव्हीवर झाकायच्या रुमालांवर पिकतो. सासरी आल्यावर वर्षभरातच नणंदेचं लग्न निघालं आणि त्यांच्या सासूने त्यांना न विचारता ती शाल नणंदेच्या पेटीत घातली. त्यावर त्यांनी कधी अवाक्षर काढलं नाही. पुढे रोवणी, निंदण, कापणी, चार लेकरं; पुन्हा सुई हातात आली नाही. फक्त फोटो पुसताना त्या "माही शाल" म्हणायच्या. फोटोतल्या स्वतःकडे बघून "मी" असं म्हणायच्या नाहीत. बायको लहानपणापासून हे ऐकत आली होती.

तिने मोबाइलवर फोटो मोठा करून करून त्यातले खांब मोजले. क्रोशात सुईवर दोरा घेऊन जो उभा टाका घालतात, त्याला खांब म्हणतात. फोटो काळा-पांढरा, म्हणून रंग आडून विचारला. सासूबाई म्हणाल्या, "सायीचा." मग चंद्रपूरला तीन खेपा झाल्या. हा फार पांढरा, तो पिवळट, तिसरा बिस्किटासारखा. शेवटी दुकानदार हात जोडून म्हणाला, "बाई, आता घरून साय घेऊन या." मी सोबत होतो. मीही दुकानदाराच्या बाजूने हसलो आणि येताना गाडीवर माझ्याशी कोणी बोललं नाही.

दोन महिने घरात शालीचंच राज्य होतं. मग एक दिवस नळाजवळच्या शेवाळावर पाय घसरून बायको पडली आणि उजव्या मनगटाला प्लास्टर लागलं. दुखलं म्हणून ती रडली नाही. पलंगावर बसून डाव्या हाताने शाल चाचपत म्हणाली, "आता मायले कवा दाखवू?" तिचं ते तोंड मला बघवेना.

"दे इकडं," मी म्हणालो. "मी करतो."

आम्ही तळ्याकाठची माणसं. मासेमारी आमच्या घरची. दहा वर्षांचा असताना बाबांनी मला जाळं विणायला बसवलं होतं. बांबूची चपटी पट्टी धरून एकसारखी घरं पाडायची, प्रत्येक घराला गाठ. आता नोकरी लागल्यामुळे तळं सुटलं, पण बोटं विसरलेली नाहीत, असा माझा तोरा.

"जाळं अन् हे एक नाई जी," ती म्हणाली.

"दोरा अन् भोकं. दुसरं काय हाये याच्यात?"

हे वाक्य तिने पुढे मला किती वेळा ऐकवलं, याचा हिशेब नाही.

शिकवणी सुरू झाली. ती पलंगावर, मी खाली चटईवर. "सैल! सैल सोडा, अवो, बैल बांधून राह्यले का तुमी?" माझा हात दोरा ओढायचाच. जाळ्याची सवय. ती प्लास्टरचा हात मांडीवर ठेवून मोजायची, मी विणायचो, ती उसवायला लावायची, मी चिडायचो. एकदा सुई फेकून उठलो आणि चहा करून दोघांसाठी घेऊन आलो. आठ-दहा दिवसांत अननसाचा आकार बरा येऊ लागला. इतकी वर्षं संसार केला, पण रोज संध्याकाळी दोन तास शेजारी बसून एकाच गोष्टीकडे बघणं आमचं कधी झालं नव्हतं. मला ते दिवस फार आवडले. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

वेळ पुरेना म्हणून मी काम गाडीत नेऊ लागलो. आणि तिथेच शहाणपणा नडला. चांदा फोर्टला उतरणाऱ्या एकाच्या पिशवीच्या बकलात दोरा अडकला. तो उतरून चालू लागला आणि माझ्या मांडीवरची ओळ सरसर उसवत गेली. मी ओरडलो, तो थांबला. जे टिंगल करत होते त्यांनीच खाली वाकून बाकाखालचा दोरा गोळा करून दिला. पण मी हादरलो होतो. सबंध शालीत एक गाठ नाही! जाळ्याची एक गाठ गेली तरी बाकीच्या धरून ठेवतात, मासा सुटतो, जाळं राहतं. इथे एक टोक सुटलं की सासूबाईंच्या अंगावरच शालीचा दोरा व्हायचा. हे कसलं काम? तेव्हापासून प्रत्येक घर झालं की मी दोऱ्याचा गुंडा त्यातून काढून, बाबांनी शिकवली तशी जाळ्याची गाठ मारू लागलो. चार ओळी तशा केल्या. बायकोला बोललो नाही. शाल पूर्ण झाल्यावर सांगू, म्हणजे तोंडात बोटं घालेल, असा बेत.

एका रविवारी सकाळी तिने शाल दोरीवर टाकून पाहिली. तिचा भाग मऊ पडला होता. माझ्या चार ओळी पापडासारख्या ताठ उभ्या.

तिने जवळ जाऊन पाहिलं, बोट फिरवलं. "हे काय केलं?"

मी सगळं सांगितलं, पिशवीच्या बकलासकट. मध्येच तिचा आवाज चढला, "माह्या मायले झिंगे पकडाचे हायेत का तळ्यातले?" मग तिने शाल दोरीवरून उतरवली आणि ती घेऊन खाली बसली. ते जास्त वाईट होतं. मी सुई घेऊन एक गाठ सोडवायला बसलो. ती गाठ सुटू नये म्हणूनच मारलेली असते. अर्ध्या तासात एकही सुटली नाही.

त्याच दुपारी मेव्हण्याचा फोन आला. सासूबाई घरच्याच उंबऱ्याला ठेचाळल्या होत्या. विचारलं तर म्हणाल्या की चार दिवसांपासून फक्त उजेड-अंधार कळतो, उगीच कोणाला त्रास नको म्हणून बोलल्या नाहीत.

आम्ही लगेच गाडीवर निघालो. सावलीच्या पुढे धान कापून झालं होतं, बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या खाचरांत, भारे बांधून पडले होते. बायको मागे बसून एकच वाक्य बोलली, "उशीर झाला." एक आठवडा माझ्या गाठींनी खाल्ला होता आणि ते दोघांनाही ठाऊक होतं.

सासूबाई अंगणात खाटेवर होत्या. माझा आवाज ऐकून त्यांनी पदर पुढे ओढला. आमच्याकडे जुन्या बायका जावयाच्या समोरासमोर बसत नाहीत, त्याच्याशी थेट बोलतही नाहीत. इतक्या वर्षांत "जवाईले चहा दे", "जवाईले पाणी दे" असंच मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं. बायकोने आईच्या मांडीवर शाल ठेवली. काय आहे ते न सांगता आईचा हात धरून तिच्यावर ठेवला.

सासूबाईंनी हात फिरवला. बोटं एका अननसावरून दुसऱ्यावर गेली, थांबली, परत मागे आली.

"माही शाल," त्या म्हणाल्या.

"तुले दाखवाची होती माय. मी उशीर केला."

पण त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. बोटं माझ्या चार ओळींवर पोचली होती. "हे कोनं केलं?"

"म्या," बायको म्हणाली. मी चमकून तिच्याकडे पाहिलं. सकाळी जिने मला फाडून खाल्लं होतं, तीच.

"खोटं बोलू नको. हे जाळ्याची गाठ हाये. तुह्या बापानं जल्मभर तळ्यावर जाळं टाकून मच्छी आनली, मी गाठ ओळखत नाई का?" आणि त्या हसायला लागल्या, पदरात तोंड घालून, खांदे हलेपर्यंत. "चांगली हाये गाठ. पक्की हाये. पन इथी नाई पायजे. कातर आन."

मेव्हण्याच्या बायकोने कातर आणली. सासूबाईंनी बोटाने जागा धरली आणि माझा आठवडा कापून काढला. खालची ओळ थोडी उसवून मोकळा झालेला फास बोटावर घेतला. "आता सुई दे."

"माय, तुले दिसत नाई. मी करतो नं हात बरा झाला का," बायको म्हणाली.

"डोळे गेले, तर हातबी गेले समजले का तुमी समदे?"

सुई घेतल्यावर पहिले चार-पाच खांब वाकडे पडले. त्यांनी उसवले. पुन्हा घातले. मग अंगठ्याचं नख मागच्या ओळीतल्या भोकात रोवून त्या मोजू लागल्या, ओठ हलत होते, आणि अननस जिथे सुटला होता तिथून पुढे वाढायला लागला. बायको त्यांच्याकडे बघत राहिली. मी मेव्हण्याबरोबर भारे मोजायच्या निमित्ताने बांधावर गेलो, कारण मला रडू येत होतं.

परत निघताना आम्ही दोरा, सुई, सगळं तिथेच ठेवलं. मागितलं असतं तरी मिळालं नसतं.

संक्रांतीला आम्ही गेलो तेव्हा शाल झाली होती. कड त्यांनी स्वतःच्या मनाने बारीक शिंपल्यांची केली होती, फोटोत तशी नव्हती. बायकोने ती आईच्या खांद्यावर घातली. त्यांनी काढली, चाचपून लेकीचे खांदे शोधले आणि तिच्या अंगावर घातली. टोकं दोन्हीकडे सारखी आली का ते हाताने पाहिलं.

"माय, तुह्यासाठी हाये."

"घेईन मंग. जरा थांब." त्यांनी तोंड माझ्याकडे वळवलं. पदर डोक्यावर होता, पण पुढे ओढलेला नव्हता. "जवाई," त्या म्हणाल्या. मला. थेट. "कशी दिसून राह्यली सांगा."

मी घसा खाकरला. "चांगली झाली. सायीचाच रंग हाये. अननस एका मापाचे, कड तर..."

"शाल मले ठाऊक हाये जी. माह्या पोरीचं सांगा."

बायकोला लोकांसमोर असलं काही म्हणायची मला सवय नाही. एकांतातही फारशी नाही. पण विचारणारीला दिसत नव्हतं आणि तिच्यासाठी बघणारा मीच होतो. म्हणून मी नीट पाहिलं. सांगितलं की कानाजवळचे केस पांढरे झाले आहेत. प्लास्टर निघाल्यापासून मनगट बारीक झालंय, बांगड्या कोपराकडे सरकतात. हनुवटी तुमचीच. शाल खांद्यावर आहे म्हणून ताठ उभी आहे, फोटोत तुम्ही उभ्या आहात तशी. सुंदर दिसते, हेही सांगितलं. मेव्हणा दारात उभा होता तरी सांगितलं.

सासूबाई ऐकत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "अन् सुखात दिसते का?"

मी बायकोकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिने माझ्याकडे बघून मान हलवली. मग आईकडे बघून पुन्हा हलवली, जोरात.

"मान हालवून राह्यली," मी सांगितलं. "हो म्हणते."