कापलेल्या वायरचा फोटो

आमच्या ह्यांना कुणी नावाने हाक मारत नाही. आपल्याकडे होते तेव्हाही मास्तर, आणि इथे परदेशात बारा वर्षं काढली तरी मास्तरच. शाळेचे नव्हेत हो, शिवणकामाचे! सासऱ्यांच्या मांडीला मांडी लावून शिकले, आणि इथे येऊन केलं काय? गोदामात खोकी उचलली. कमरेला पट्टा आवळून जायचे आणि घरी आले की जमिनीवर उताणे पडायचे. मी म्हणायचे, "अहो, कॉटवर तरी पडा." तर म्हणायचे, "फरशी बरी वाटते."

येताना सासऱ्यांची कात्री मात्र बॅगेत आणली होती. लांब पात्याची, काळ्या मुठीची. फडक्यात गुंडाळून खणात ठेवायचे. कापडाशिवाय दुसऱ्या कशाला ती लावायची नाही, हा घरचा कायदा. लेकीने लहानपणी एकदा त्या कात्रीने शाळेचा कागद कापला, तर हे दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. मी तर त्या कात्रीला सवतच म्हणायचे.

मी वृद्धाश्रमाच्या धुण्याच्या खोलीत काम करते. तिथल्या मोठ्या बाईंना माझा एप्रन आवडला. कुणी शिवला म्हणून विचारलं. मी काय गप्प बसणार? लगेच सांगितलं. बाई म्हणाल्या, महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी बत्तीस द्या, चांगले झाले तर आमच्या सगळ्या शाखांचं काम कायमचं तुमचं. ह्यांनी तीन आठवड्यांची रजा टाकली आणि साठवलेल्या पैशांतून ऑनलाइन शिलाई मशीन मागवलं. जमलं तर गोदाम सुटणार होतं. नाही जमलं तर परत खोकी आणि पट्टा.

मशीन आलं. दिसायला देखणं, पण दर चौथा टाका सोडत होतं.

हे स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलेच. "शटलचं टायमिंग हललंय. वीस मिनिटांचं काम आहे." मी त्यांचा हात धरला. मशीनच्या मागे स्टिकर होतं. ते फाटलं तर पैसे परत नाहीत. "खबरदार हात लावाल तर!" म्हटलं. "चूक त्यांची आणि निस्तरायची आपण? पैसे परत घेऊ, दुसरं मागवू."

मग फोन सुरू झाले. एक दाबा, दोन दाबा, आणि पाऊण तास ते मेलं संगीत. मधेमधे एक गोड आवाज सांगायचा, तुमचा फोन आमच्यासाठी मोलाचा आहे. इतका मोलाचा, की कुणी उचलतच नव्हतं. एकाने तक्रार क्रमांक दिला. दुसरी म्हणे, असा क्रमांक आमच्याकडे नाहीच. तिसरा म्हणाला, फोटो पाठवा. न मारलेल्या टाक्याचा फोटो कसा काढायचा, तुम्हीच सांगा! चौथ्याने विचारलं, प्लग लावला होता का? त्याला मी मराठीत काय काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही. लेक घाबरून म्हणाली, "आई, बोलणं रेकॉर्ड होतंय." म्हटलं, "होऊ दे. चार शब्द शिकतील."

इकडे बत्तीसच्या बत्तीस एप्रन कापून कॉटवर थप्पी लागली होती. हे खोलीत येरझाऱ्या घालायचे. मशीनपाशी थांबायचे, स्टिकरच्या कडेवरून नख फिरवायचे आणि माझ्याकडे बघायचे. "हात शिवशिवतायत गं."

"धीर धरा," मी म्हणायचे. माझा कधीच सुटला होता. भाजी चिरताना फोन, धुणी वाळत घालताना फोन, कामावर सुट्टी झाली की फोन.

बाराव्या दिवशी मेल आला. लेकीने वाचून दाखवला. मशीन परत पाठवू नका. त्याची वायर कापा, दोन्ही तुकडे दिसतील असा फोटो उद्या दुपारपर्यंत पाठवा, पैसे मिळतील.

"नाही," हे म्हणाले.

"नाही म्हणजे?"

"मशीनला पाय लागला तर आपण नमस्कार करतो. त्याच्यावर कात्री चालवू? बापाने हे शिकवलं नाही मला."

माझं डोकंच फिरलं. बारा दिवस फोनला कान लावून बसले होते मी, आणि हे नमस्काराचं काढतायत! बोलू नये ते मी बोलले. "मग जा परत खोकी उचलायला. पट्टा धुऊन ठेवलाय."

हे उठले. स्वयंपाकघरातली कात्री घेतली, तिने नुसतं रबर चावलं आणि तिचा खिळाच निघाला. मग खण उघडला, फडकं सोडलं. मला दिसत होतं. "अहो, थांबा" एवढं म्हटलं असतं तरी थांबले असते. पण मी मोबाईलचा कॅमेरा पदराने पुसत होते.

कट्ट झालं. वायर तुटली आणि पात्याला खाच पडली.

फोटो पाठवला. उत्तर लगेच आलं, पैसे दहा दिवसांत जमा होतील. दहा! शुक्रवार चार दिवसांवर आला होता. मी कपाळावर हात मारून खाली बसले. ह्यांनी शांतपणे ते स्टिकर सोलून काढलं. "आता कुणाला भ्यायचं?" म्हणाले. वीस मिनिटंही लागली नाहीत. वायर जोडली, पायडल दाबलं, आणि मशीन एकही टाका न सोडता धावायला लागलं. मी पहिल्या दिवशी हात धरला नसता तर? हा विचार तेव्हापासून मला झोपू देत नाही.

शुक्रवारी बत्तीस एप्रन पोहोचले. बाईंनी शिवणी ओढून बघितल्या आणि पुढचे ऐंशी सांगितले. हे गोदामात जाऊन राजीनामा देऊन आले.

पुढे पैसेही आले. हे म्हणाले, "मशीन चालतंय, मग हे आपले कसे? परत कर." केला फोन. ऑर्डरसाठी एक, तक्रारीसाठी दोन, पैसे परत मागायला तीन. पैसे परत द्यायला आकडाच नाही. मेल लिहिला तर उत्तर आलं, तुमची तक्रार मिटली याचा आनंद आहे, आम्हाला किती तारे द्याल?

आता हे दिवसभर घरात कापड कापतात. कात्री सरसर जाते आणि प्रत्येक वेळी त्याच जागी अडते. खट्. हे ती सोडवतात, ओढलेला धागा बोटाने बसवतात, पुढे जातात. मला ते स्वयंपाकघरात ऐकू येतं. धार लावणाऱ्याला दाखवली, तो म्हणाला खाच खोल आहे, जाणार नाही.

परवा मला राहवलं नाही. "अहो, एकदा तरी ओरडा माझ्यावर."

त्यांनी मान वर केली. "कशाला गं?" म्हणाले, आणि मग जरा थांबून विचारलं, "फोटो नीट आला होता ना?"